मोताळ्याच्या लेपासाठी

जालन्याच्या बसस्थानकावर मेहकरची एसटी लागली, तेव्हा मी पिशवीतून पुतण्याची पोहायची रबरी ट्यूब काढली आणि फुगवायला सुरुवात केली. निळी ट्यूब, तिच्यावर पिवळी बदकं. शेजारची बाई बघतच राहिली.

"कंबरेचं दुखणं आहे," मी म्हणाले.

दुखणं कंबरेचं नव्हतं. सांगलीत तीस वर्षं मी शिवणाचा क्लास चालवते. दिवस मशीनवर बसून जातो आणि गिऱ्हाईक समोर असलं की पाणी प्यायचंही राहून जातं. बद्धकोष्ठता जुनीच होती. गेल्या उन्हाळ्यापासून रक्त पडायला लागलं. आमच्या गल्लीजवळच्या डॉक्टरांकडे एकदाच गेले. त्यांनी मूळव्याध सांगितली आणि वर म्हणाले, "पन्नाशी उलटली आहे, तेव्हा आतून दुर्बिणीनेही बघून घेऊ." त्यांच्या दवाखान्यात नवं यंत्र आल्याचा फलक मी बाहेरच वाचला होता. यंत्र आलंय म्हणून माझ्यात घालणार, असं मनाशी म्हणून मी जी उठले ती परत गेले नाही.

मग सुनंदा म्हणाली, "ताई, आमच्याकडे मोताळ्याच्या बाजूला एक मावशी आहे. लेप लावते. मोड आपोआप गळून पडतात. ऑपरेशन नाही, काही नाही."

सुनंदा माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर मेहकर. घरात सांगितलं, लोणारचं सरोवर बघायला जातोय. दोघींच्या नवऱ्यांनी फार चौकशी केली नाही. मी मात्र गाडीत बसल्यापासून सुनंदाकडे तिरक्या नजरेने बघत होते. माझ्या दुखण्याची हिला एवढी घाई का? त्या मावशीची ही कुणी लागते का? की माहेरी जायला नुसतं निमित्त हवं होतं?

जालना मागे पडलं तशी तिची बोली बदलायला लागली. सिंदखेडराजाला गाडी थांबली तेव्हा खिडकीखालच्या भजेवाल्याला ती म्हणाली, "दादा, ताजे देजो, मघाचे नको." वीस वर्षं आमच्या घरात काढलेली बाई एका थांब्यात वऱ्हाडी झाली. बाहेर सोयाबीन निघून गेलेली काळी रानं होती, मधूनमधून कपाशी पांढरी फुटलेली. रस्ता बरा होता, पण जिथे बरा नव्हता तिथे मला प्रत्येक खड्डा कळत होता. सुलतानपूरच्या अलीकडे ट्यूबमधली हवा फुस्स करत निघून गेली आणि पुढचा प्रवास मी एका बाजूवर बसून केला.

मेहकरला सुनंदाचा भाऊ गजानन मोटारसायकल घेऊन आला होता. मला बघताच म्हणाला, "ताई, तुम्ही रिक्षानं या. गाडीवर बसू नका, तरास होईल."

मी सुनंदाकडे वळून पाहिलं. तिने मान फिरवली. म्हणजे सांगून ठेवलं होतं.

घरी पोचलो तर खुर्चीवर मऊ गादी घातलेली. जेवायला बसलो तर बाकीच्यांच्या ताटात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि तेल सुटलेला ठेचा. माझ्या ताटात मऊ भात, मुगाचं वरण, तूप, दुधी. गजाननची बायको रेखा प्रेमाने वाढत होती, पण मला घास गिळवेना. दुखणं माझं आणि पंगतीत सगळ्यांना ठाऊक. अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, लाजू नका," गजानन भाकरी मोडत म्हणाला. "मले बी होते ना मोड. मी बुलढाण्याले डाक्टरनीबाईकडून रबर लावून घेतलं."

"अहो, जेवताना काय!" रेखा म्हणाली.

"काऊन? जेवल्यावरच तर पुढची गोष्ट होते." तो मोकळेपणाने हसला. "इवलंसं रबर असते ताई. मोडाच्या बुडाशी बसवतात. त्याचं रक्त तुटते, सुकून पडून जाते. दोन-तीन रोज जड वाटलं, मग मी वावरात (शेतात) जाऊन राह्यलो पयल्यासारखा. त्या मावशीकडं नका जाऊ. ते जाळते."

"तुले काय माहीत रे?" सुनंदा एकदम तुटून पडली. "किती बाया बऱ्या झाल्या तिच्या हातानं. बाई माणसाले बाईजौळ बरं वाटते."

"डाक्टर बी बाईच आहे ना!"

भाऊ-बहिणीची जुंपली. मी वरण-भात कालवत दोघांचे चेहरे बघत होते. हा डॉक्टरची एवढी तारीफ का करतो? ही मावशीची बाजू एवढ्या पोटतिडकीने का घेते? त्या घरात मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. पण इतक्या लांब आलोय तर मावशीला बघून तरी घेऊ, असं ठरवलं.

सकाळी चिखलीवरून बुलढाण्याला गेलो आणि तिथून मोताळ्याची गाडी धरली. बुलढाणा डोंगरावर, हवेला चांगला गारवा. गाव सुटलं की लगेच घाट लागतो. वळणावळणाने गाडी उतरते, दोन्ही बाजूंना सागाची वाळत चाललेली पानं, आणि मग एकदम खाली सपाट, उन्हाने धुरकट झालेला मुलूख पसरतो. डोळ्यांना सुख वाटत होतं. बाकीच्या देहाची गोष्ट वेगळी. मी समोरचा दांडा धरून अर्धी उभीच होते.

"तुला बरं नाही का गं?" मी सुनंदाला विचारलं. तिचा चेहरा पांढरट दिसत होता, आणि तीही दांडा धरून उभी होती.

"घाट लागतो मला," ती म्हणाली. माहेरच्या रस्त्यावर वाढलेल्या मुलीला घाट लागतो, हे मला नवीनच होतं.

मोताळ्यात आठवडी बाजार भरला होता. भाज्यांचे ढीग, मिरच्यांची पोती, बांगड्यांची पालं. तिथून रिक्षाने एका खेड्यात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. मावशीचं घर पक्कं, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये पंधरा-वीस बाया. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मावशी साठीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. बोलणं गोड. तिने सगळ्यांना एक काचेची बरणी दाखवली. तेलात काळपट, सुकलेले तुकडे तरंगत होते.

"हे पाहा माय, हे सारे पडलेले मोड. मुळासकट. आठवड्यात गळते. फक्त पथ्य पायजा."

सगळे तुकडे एकाच मापाचे दिसत होते. मी विचारलं, "लेपात काय असतं?"

"ते सांगता येत नाही. सासूनं देलेलं आहे, वसा आहे तो."

"जळजळ होते का?"

"औषध लागलं म्हणजे जरासं चुरचुरणारच ना माय," असं म्हणून ती आतल्या खोलीच्या पडद्याआड गेली.

माझ्या शेजारी एक पस्तिशीची बाई बसली होती. बसली होती म्हणण्यापेक्षा टेकली होती. सोबत सासू. तिचं नाव शमीमबी. मलकापुरात त्यांचा बांगड्यांचा धंदा. ती हळूच म्हणाली, "पयल्यांदाच आल्या का?"

"हो. तुम्ही?"

"मी मागच्या हिवाळ्यात लेप लावून गेली. चार रोज नुसती कोंबडीसारखी तडफडली. मोड पडले, झूठ कायले बोलू. पण जखम भरली ते जागाच आवळून बसली. आता..." तिने करंगळीचं टोक दाखवलं. "इतकीच वाट राह्यली. रोज सकाळी रडतो मी. म्हणून इचाराले आली, हे सुटं कसं होईन."

"मग मावशी काय म्हणाल्या?"

"म्हणते, तू पथ्य नाही पायलं. वांगं खाल्लं असशीन."

तिची सासू आमच्याकडे रोखून बघत होती. मी शमीमबीला म्हटलं, "तुम्ही बुलढाण्याला डॉक्टरला दाखवा. आमच्या ओळखीचे एकजण बरे झालेत तिथे."

"तुम्ही कोण हो बाई?" सासू कडाडली. "दवाखान्यानं बसवलं का तुमाले इथं, बाया फोडाले?"

आयुष्यभर मी लोकांकडे संशयाने बघत आले. कुणी माझ्याकडे तसं बघितलं की कसं वाटतं, ते त्या शेडमध्ये कळलं. मी उत्तर द्यायला वळले तर शेजारी सुनंदा नव्हती. मघाशी ती म्हणाली होती, "मी आत जाऊन जरा विचारून येते." आता मला खात्रीच झाली की हिचा मावशीशी काही व्यवहार आहे. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी उठले आणि पडद्याला कान लावला.

आत सुनंदा रडत होती.

"दोन वर्षं होत आली मावशी. आधी लाल पडे, आता काळपट पडते. कधी घट्ट, कधी पातळ. वजन बी उतरून राह्यलं. घरी कोणालेच माहीत नाही. मोठ्या जाऊले घेऊन आली, तिच्या नावानं. तिले बी सांगितलं नाही."

"नको सांगू माय," मावशी म्हणाली. "साऱ्याईले एकच औषध आहे. तू पालथी हो."

मी पडदा ओढला. सुनंदा खाटेवर, मावशीच्या हातात वाटी, वाटीत राखाडी लेप.

"ऊठ," मी म्हणाले.

"ताई, तुम्ही बाहेर बसा ना..."

"ऊठ म्हणते ना! साडी नीट कर."

मावशीचा गोडवा गेला. "पडदा ओढून आत येता? दुसऱ्या बाईची लाज नाही?"

"तिला काय झालंय ते तुम्ही बघितलंत का? विचारलंत का? रक्त काळं पडतंय म्हणाली ती, आणि तुम्ही म्हणता सांगू नको!"

"मी हजार बाया बऱ्या केल्या."

"आणि बाहेर बसलीय ती?"

मावशीने वाटी खाली ठेवली. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली, "तिनं पथ्य नाही पायलं." पण आवाज मघासारखा नव्हता. मला वाटतं, तिचा स्वतःचा त्या लेपावर खरोखर विश्वास होता, आणि त्यामुळेच ती मला जास्त घातकी वाटली.

मी सुनंदाचा हात धरून तिला शेडबाहेर आणलं. जाताना शमीमबीच्या हातात रेखाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. सासूने ती चुरगळली की ठेवली, ते बघायला थांबले नाही.

मोताळ्यात चहा घेतला. सुनंदा बशीकडे बघत बोलली.

"बाबांना पोटाचाच आजार झाला होता ताई. आतड्याचा. सगळे मूळव्याधच समजत होते. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला रक्त दिसलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं की ही मूळव्याध आहे. तुम्हाला झाली तेव्हा बरं वाटलं मला. म्हणजे... तुम्हाला झाली म्हणून नाही. दोघींना एकच असेल, असं वाटलं."

मला तिचा राग यायला हवा होता. मी माझा चहा तिच्या बशीत ओतला.

घाट चढून परत बुलढाण्याला आलो आणि गजाननला फोन केला. त्याच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना लहानसाच होता. बाई चाळिशीच्या, बोलायला तुटक. मी तयारीतच बसले होते. या आता ऑपरेशन सांगणार आणि मी उठणार. पण त्यांनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. रक्त कधी, कसं, किती, जेवण काय, पाणी किती, घरात कुणाला काय होतं. मग हातमोजे घालून एकेकीला तपासलं. लाज वाटली, पण ज्या कामाला मी वर्षभर घाबरत होते ते लगेच उरकलंही.

"मूळव्याध म्हणजे फुगलेल्या शिरा," त्या मला म्हणाल्या. "सुरुवातीच्या असल्या तर पाणी, पालेभाज्या, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि कुंथणं बंद, एवढ्यावर पुष्कळांच्या बसतात. तुमच्या त्याच्या थोड्या पुढे आहेत. रबर लावू. ऑपरेशन लागत नाही."

"आणि क्षारसूत्र? आयुर्वेदातला तो औषधी दोरा?"

"शिकलेल्या वैद्याकडे होतं ते, आणि मुख्यतः भगंदराला उपयोग होतो. तुम्ही बघून आलात तो लेप वेगळा. तो चांगली कातडीही जाळतो." मग त्या सुनंदाकडे वळल्या. "तुमचे मोड बाहेर दिसतायत, पण हे सगळं त्यांच्यामुळेच आहे असं मी धरून चालणार नाही. वडिलांचं ऐकल्यावर तर नाहीच. अकोल्याला दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्या. आणि ताई, तुम्हीही."

पुन्हा तीच दुर्बीण. "तुमचं यंत्र आहे का तिथे?" मी सरळ विचारलं.

त्यांना राग आला नाही. "माझं नाही. सरकारीत करा, खाजगीत करा, सांगलीला जाऊन करा. पण करा."

सुनंदा म्हणाली, "ताई करतील तर मी करते." मग मला पळवाट राहिली नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायला पाण्यात पावडर कालवून घोट घोट प्यायची असते. चव खारट, लिंबू पिळलेल्या समुद्रासारखी. गजाननच्या घरात संडास एक. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी जावा त्या एका दारासाठी धावत होतो. "ताई, लवकर!" "थांब गं, मी आत्ताच आलेय!" गजाननने दोरी बांधून घराबाहेर मोकळ्या जागेत चादरींचा आडोसा उभा केला आणि शेजाऱ्याच्या संडासाची किल्लीही मागून आणली. एकदा आम्ही दोघी एकदमच दारात पोचलो आणि पोट धरून इतक्या हसलो, की पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. लग्न होऊन आल्यापासून आम्ही एकत्र एवढ्या कधी हसलो नव्हतो.

अकोल्यात भूल दिली, जाग आली तेव्हा सगळं झालं होतं. माझं आतडं स्वच्छ निघालं, मूळव्याध तेवढी. सुनंदाच्या आतड्यात एक कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला. दुर्बिणीतूनच तो काढला आणि तपासायला पाठवला. तो वाईट आहे की नाही, ते अहवाल आल्यावर कळणार होतं.

घरून फोन यायला लागले. "एवढे दिवस सरोवरच बघताय का?" माझ्या नवऱ्याने विचारलं. मग खरोखरच लोणारला गेलो.

कडेवर उभं राहिलं की ते विवर एकदम समोर येतं. खोल, गोल, झाडीने भरलेलं, आणि तळाशी हिरवट पाणी. वाऱ्याबरोबर खारट, कुजकट वास वर येतो. खाली जुनी देवळं झाडांत बुडालेली. आम्ही हळूहळू थोडंसंच उतरलो. एका दगडावर बसल्यावर सुनंदा म्हणाली, "ताई, वाईट निघालं तर यांना तुम्ही सांगा. मला जमणार नाही."

"निघू दे तर खरं आधी."

"तुम्ही मोताळ्याला पडदा का ओढलात? तुम्हाला माझ्याबद्दल शंका होती ना?"

"होती. तू कमिशन खातेस असं वाटलं होतं."

ती बघतच राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. खाली पाण्यावर पांढरे पक्षी उतरत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीची पाठ किती हडकली होती, ते मला त्या दिवशी हाताला लागलं. एका घरात राहून डोळ्यांना दिसलं नव्हतं.

अहवाल आला त्या दिवशी बुलढाण्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद पूर्ण वाचला, मग मान वर केली. "कॅन्सर नाही. पण हा कोंब तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. वेळेवर निघाला. आता ठरावीक काळाने तपासत राहायचं. मोडांना औषध आणि पथ्य पुरेल." सुनंदाने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तो सोडायला तिला वेळ लागला.

त्याच दिवशी मी रबर लावून घेतलं. गजानन म्हणाला होता तसंच, दोन दिवस जडपणा. बाहेर येताना बाकावर शमीमबी दिसली, एकटी. सासूला न सांगता आली होती. आवळलेली जागा हळूहळू रुंद करता येईल, म्हणाल्या होत्या बाई. ती माझा हात धरून नुसती हसली.

परतीच्या गाडीत आम्हाला शेवटची जागा मिळाली. जालन्याच्या वाटेवर ऊन उतरत होतं. रानात कपाशी वेचणाऱ्या बाया ओणव्या होत्या. मी विचार करत होते, की या सगळ्या दिवसांत मला सांगलीचा डॉक्टर खोटा वाटला, जाऊ खोटी वाटली, गजानन खोटा वाटला, बुलढाण्याच्या बाई खोट्या वाटल्या. त्या लेपाला मी प्रश्न विचारले म्हणून आम्ही वाचलो, हे खरं. पण आम्हा दोघींच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या त्या लाजेला मी कधी एक प्रश्नही विचारला नव्हता. ती घरातलीच म्हणून तिच्यावर माझा पूर्ण विश्वास.

सुनंदाने फोन काढला. गाडी गच्च भरलेली, पुढच्या बाकावर फेटेवाले दोन म्हातारे. ती तिच्या नवऱ्याशी मोठ्याने बोलायला लागली. "अहो, ऐका. मी लोणार बघायला आले नव्हते. मला संडासातून रक्त पडत होतं. दोन वर्षं. ...हो. ...आता बरी आहे. आतड्यातला कोंब काढला. ...नाही, रडत नाही मी."

एक म्हातारा वळून बघायला लागला. जुन्या सवयीने मी तिला हळू बोल म्हणून खूण करायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

तिचं बोलणं संपल्यावर मी माझा फोन काढून घरी लावला.

"निघालात का?" नवऱ्याने विचारलं.

"निघालो. तुम्ही बसलाय की उभे आहात?"

"उभा आहे. का?"

"बसा," मी म्हणाले. "मूळव्याधीचं सांगायचंय. आणि मध्ये बोलू नका, गाडीत सगळे ऐकतायत."